खेळणं नक्की कोणाचं?

नमस्कार ताई,

आम्ही तिघं (मी, बायको आणि सात वर्षांचा मुलगा) चार वर्षांपासून तोक्योत निशिकासाईला राहतो. मी पुण्याचा, बायको मालवणची. लहानपणी आमचं घर शिवाजीनगर आणि खडकीच्या मध्ये रुळांलगत होतं. डेक्कन क्वीन बघायला मी रोज गच्चीवर जायचो. आता वय ४१. आकिहाबाराच्या एका मोठ्या दुकानात मॉडेल रेल्वेचा विभाग पाहिला आणि डोकंच फिरलं. तीनदा गेलो, तिन्ही वेळा रिकाम्या हाताने परतलो. पेट्यांवरचं जपानी धड वाचता येत नाही, विचारायची लाज वाटते. डोळा आहे ई५ शिनकानसेनच्या (इथल्या बुलेट ट्रेनच्या) दहा डब्यांवर, कारण मुंबई-अहमदाबादच्या संदर्भात इतकी वर्षं हिचंच नाव ऐकत आलोय. पण घर दोन खोल्यांचं, जास्तीचं टेबल ठेवायलाही जागा नाही. दोन-तीन वर्षांत पुण्याला परत जायचंय, तिकडे हे चालेल का? आणि बायको विचारते, ‘हे खेळणं नक्की कोणाचं, पोराचं की तुझं?’ मी म्हणतो, पोराचं. ती नुसती हसते. सुरुवात कुठून करू?

– गच्चीवरचा मुलगा, निशिकासाई

नमस्कार,

शेवटून सुरुवात करते. खेळणं तुमचं आहे. वहिनी हसतात ते बरोबर हसतात. आज घरी गेलात की चप्पल काढता काढता सांगून टाका, ‘हो, माझंच आहे.’ त्याने दोन गोष्टी सोप्या होतील. एक, पैशांचं बोलणं उघड होईल. दुसरी जास्त महत्त्वाची: पोराच्या वाट्याला त्याचं स्वतःचं खेळणं येईल.

त्याच्यासाठी प्लारेल घ्या. निळे प्लास्टिकचे रूळ, जाडजूड गाड्या, १९५९ पासून इथली पोरं ज्यावर वाढली ते. पाय पडला तरी काही होत नाही, भिंतीवर आदळली तरी गाडी चालते. एन गेजचं, म्हणजे तुम्ही दुकानात पाहिलेल्या त्या छोट्या मॉडेल रेल्वेचं, तसं नाही. दोन रुळांमधलं अंतर फक्त ९ मिलिमीटर; बोट लागलं की डबा घसरला, चेंडू लागला की छपरावरची एरियल गेली. ‘पोरासाठी’ म्हणून एन गेज आणणाऱ्या घरांत पुढे काय होतं ते मी पाहिलंय. बाप पोटावर झोपून गाडी चालवतो आणि पोरगं हाताची घडी घालून बसतं, कारण दर मिनिटाला ‘हात लावू नको’ ऐकू येतं.

मी काही शहाणपणा शिकवायला बसलेली नाही. बावीस वर्षांपूर्वी कावासाकीत माझी पहिली गाडी घरात आली ती तांदळाच्या डब्यामागे लपून. आठवड्याने नवरा मसुराची डाळ शोधायला गेला आणि हातात सहा डब्यांची लोकल घेऊन बाहेर आला. तो काही बोलला नाही. नुसतं विचारलं, ‘ही किती शिट्ट्यांत शिजते?’ अजून विचारतो.

आता ई५ कडे वळू. गाडी देखणी आहे, वाद नाही. २०११ च्या मार्चमध्ये तोहोकू मार्गावर धावायला लागली तेव्हा मी ओमियाच्या फलाटावर मान लांब करून उभी होते. पण खरेदीआधी कागद-पेन्सिल घ्या. खरी गाडी दहा डब्यांची, अडीचशे मीटरच्या आसपास. शिनकानसेनची मॉडेलं १:१६० प्रमाणात असतात, म्हणजे घरात आली की दीड मीटरहून थोडी जास्त. सुरुवातीचा साधा लंबगोल करायचा तर ३१५ मिलिमीटर त्रिज्येचे आठ वळणाचे तुकडे आणि २४८ मिलिमीटरचे चार सरळ. जमिनीवर साधारण ११५ बाय ६६ सेंटिमीटर जागा लागते आणि पूर्ण फेरी भरते जेमतेम तीन मीटर. म्हणजे अर्धा रूळ गाडीनेच भरला! तोकाइदो मार्गावरची सोळा डब्यांची घेतलीत तर ती अडीच मीटर. तिचं नाक आणि शेपूट यांत अर्ध्या मीटरचं अंतर उरेल. मग बुलेट ट्रेन बघितल्यासारखं वाटत नाही, स्वतःची शेपटी पकडायला निघालेलं मांजर बघितल्यासारखं वाटतं.

वळणांचंही तेच. तोकाइदो शिनकानसेन बांधताना मुख्य मार्गावर अडीच हजार मीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण साधारणपणे नको असं धरलं होतं. ते १:१६० मध्ये बसवायचं तर साडेपंधरा मीटर त्रिज्या लागेल, म्हणजे तुमची इमारत आणि शेजारची पार्किंगची जागा. तुमच्या ३१५ मिलिमीटरच्या वळणावर ती गाडी चालेल, घसरणार नाही, पण प्रत्येक डब्याचा कोपरा बाहेर आलेला दिसेल आणि तुम्हाला, रुळांलगत वाढलेल्या माणसाला, ते खुपेल.

म्हणून माझा सल्ला: पहिली गाडी किहा ४० घ्या. दोन डबे. नाव ऐकलं नसेल, पण होक्काइदोपासून क्युशूपर्यंत कुठल्याही आडगावाच्या मार्गावर फिरला असाल तर बहुधा तिच्यात बसलाही असाल. डिझेलवर चालणारी, १९७७ ते १९८२ या काळात शेकड्यांनी बांधलेली, एकटीही धावते आणि जोडीनेही. एक डबा २१.३ मीटर; १:१५० प्रमाणात १४२ मिलिमीटर. दोन डबे मिळून शाळेतल्या पट्टीएवढे. तीन मीटरच्या फेरीवर सोडलीत की ती समोरून जाते, सोफ्याच्या पायामागे दिसेनाशी होते आणि पुन्हा येईपर्यंत तुम्ही बसून राहता. गच्चीवरून डेक्कन क्वीन दिसायची ती किती वेळ, अर्धं मिनिट? बाकीचा सगळा वेळ तुम्ही खडकीच्या दिशेला डोळे लावून उभे असायचात ना?

हे डबे सुटे मिळतात. पेटीवर कंसात ‘एम’ असेल त्यात मोटर, ‘टी’ असेल तो नुसता ओढला जाणारा. एक एम, एक टी घ्यायचा. खऱ्या किहात प्रत्येक डब्याला आपलं इंजिन असतं, मॉडेलमध्ये मात्र एकाच्या जिवावर दुसरा फिरतो. सरकारी कचेरीत काम केलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

वर १:१६० म्हटलं आणि इथे १:१५०, ही चूक नाही. जपानातल्या जुन्या मार्गांची रुंदी १०६७ मिलिमीटर, शिनकानसेनची १४३५. नेहमीच्या जपानी गाड्या अंगाने लहान, म्हणून इथे त्या थोड्या मोठ्या प्रमाणात करतात, आणि धावतात दोन्ही त्याच ९ मिलिमीटरवर. शिनकानसेनला ते माप जवळपास नेमकं बसतं. किहाला नेमकं हवं असतं तर सातच्या आसपास लागलं असतं. समोरून निरखून पाहिलंत तर रूळ जरा फाकलेले दिसतील. मला पहिली दोन वर्षं दिसले नाहीत, नंतर दिसायचे थांबले नाहीत. सांगितलं त्याबद्दल माफ करा. जाता जाता: बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली १८५३ मध्ये, आणि जपानची पहिली, शिंबाशी ते योकोहामा, १८७२ मध्ये. ऑफिसात कोणी फारच रेल्वेची मिजास दाखवली तर हे उपयोगी पडतं.

रुळांसाठी दोन नावं लक्षात ठेवा, कातो आणि तोमिक्स. कातोने १९६५ मध्ये सी५० हे वाफेचं इंजिन काढलं आणि जपानात एन गेज सुरू झालं. तोमिक्स १९७६ पासून. दोघांचेही रूळ खडीच्या उंचवट्यासकट एका तुकड्यात येतात, टिचकन जोडायचे आणि टिचकन सोडवायचे. गाड्या एकमेकांच्या रुळांवर खुशाल चालतात, पण रूळ थेट जोडले जात नाहीत; मापंही वेगळी आहेत. कोणतंही घ्या, फक्त एकच घ्या. मी कातोची, कारण पहिल्या दुकानात तेच समोर होतं. याहून खोल कारण माझ्याकडे नाही आणि इतरांनी खोल कारणं सांगितली तर तासभर ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

पण थांबा, एवढ्यात पाकीट काढू नका. आधी ‘रेन्तारु रेइआउतो’मध्ये जा, म्हणजे भाड्याने तासावर मिळणारी तयार मांडणी. मोठ्या स्टेशनांजवळच्या मॉडेलच्या दुकानांत बऱ्याच ठिकाणी असते. बोगदे, पूल, चार-पाच समांतर मार्ग, सगळं त्यांचं. आपली गाडी आपण आणायची. नसेल तर पुष्कळ ठिकाणी गाडीही भाड्याने देतात. एका साध्या जेवणाच्या पैशात तासभर हातात कंट्रोलर येतो. शुक्रवारी संध्याकाळी जा. सुटाबुटातला एक गृहस्थ बॅगेतून पुस्तकासारखी पेटी काढेल, उघडेल, आत फोमच्या खाचांत आठ डबे शिस्तीत झोपलेले असतील. शेजारी एखादे आजोबा सोळा डबे रुळावर चढवत असतील आणि त्यातच त्यांचा निम्मा तास जाईल. कोणी कोणाशी फारसं बोलत नाही, पण तुमची गाडी घसरली तर तिघं एकदम ‘आ’ करतात. लाज वाटते म्हणता ना, ती इथे जाते. इथे फोटो काढणारे ते तोरितेत्सु, नुसतं बसून फिरणारे नोरितेत्सु आणि मॉडेलवाले मोकेइतेत्सु. एवढ्या जातीपोटजाती ज्या देशात आहेत तिथे तुमच्याकडे कोण वळून बघणार?

आणि ई५ ची हौस इथेच भागवा. लांब सरळ मार्गावर दहा डबे सोडा, डोळे निववा, घरी या.

घरात टेबल नाही ही अडचण नाहीच मुळी. इथे याला ‘ओझाशिकी’ म्हणतात, म्हणजे बैठकीच्या खोलीत जमिनीवर मांडायचं, खेळायचं, आवरून ठेवायचं. जपानी घरं लहान, म्हणून हे रूळही तसेच सोयीचे. तुम्हाला पानं मांडायची-उचलायची सवय असेलच.

फक्त थेट गालिच्यावर कधी मांडू नका. आमच्याकडे एकदा एक लोकल ठरावीक वळणावर कण्हायला लागली. मोटर गेली असं समजून मी रडवेली झाले. उलटी करून टेबललँपखाली धरली तर मागच्या आसावर, चाक आणि दातेरी चकती यांच्या मधल्या फटीत, काहीतरी काळं गुंडाळलेलं. चिमट्याने टोक पकडलं आणि ओढत गेले, ओढत गेले. हातभर लांब केस निघाला. माझाच. त्याच्याभोवती गालिच्याचा करडा धागा, आणि त्या सगळ्याला धरून तेलाचा एक चिकट मणी. आता मी आधी खोली झाडते, मग जुनी जाड सतरंजी नाही तर मुलांच्या खोलीत घालतात तसे फोमचे चौकोन टाकते आणि त्यावर रूळ मांडते. फोमचा दुसरा फायदा खालच्या मजल्याला होतो. उघड्या लाकडी जमिनीवर या रुळांचा घुमल्यासारखा आवाज होतो. तुम्हाला तो गोड वाटेल, रात्री दहानंतर खालच्या बाईंना वाटणार नाही.

पोराला यात घ्या, पण काम वाटून. रुळावर चढवणं-उतरवणं तुमचं, कंट्रोलर त्याचा. बटण हळू फिरवायचं, एकदम नाही, एवढी एकच अट. सुरू करण्याआधी इथल्या ड्रायव्हरांसारखं बोट दाखवत फेरी मारायला लावा: सांधा ठीक, जोड ठीक, रुळावर काही नाही. मग पांढरा हातमोजा पुढे करून ‘शुप्पात्सु शिंको!’, म्हणजे ‘निघा, पुढे चला!’ आमच्या घरातल्या निम्म्या घसरणी या बोट दाखवण्याने थांबल्या, कारण रुळांचा अर्धवट बसलेला जोड मोठ्यांना दिसत नाही आणि लहानांना लगेच दिसतो.

दुकानातल्या पेट्यांचं जपानी फार नाही. ‘किहोन’ म्हणजे मूळ संच. मोटर बहुधा यात असते. ‘झोकेत्सु’ म्हणजे जोडीचे वाढीव डबे. भाव कमी दिसला म्हणून नुसता झोकेत्सु उचललात तर घरी न चालणारी गाडी येईल. दुकानात असे चेहरे मी पाहिलेत, एकदा आरशात. ‘च्यूको’ म्हणजे वापरलेली. वापरलेली जरूर घ्या, इथले लोक वस्तू जपतात. पण काउंटरवर चालवून दाखवा म्हणा, तशी सोय बऱ्याच दुकानांत असते. दोन्ही दिशांना चालते का, पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा दिशेप्रमाणे बदलतो का ते बघा. चाकांवरचं बारीक रबर कडक झालेलं असेल तर गाडी जागच्या जागी चाकं फिरवते. ते बदलता येतं. सुट्या भागांची पुडी आहे का, तेही पाहा. कठडे, शिट्टी, एरियल असले तांदळाच्या कणीएवढे भाग त्यात असतात आणि ते आपणच बसवायचे असतात. त्या दिवशी पंखा बंद ठेवा. ‘जंक’ लिहिलेल्या टोपलीकडे पहिलं वर्ष बघू नका.

सगळ्यात खर्चिक शब्द मात्र पेटीवर नसतो, डोक्यात असतो: ‘आत्ता नाही घेतली तर मिळणार नाही.’ या गाड्या ठरावीक संख्येने निघतात आणि संपतात, हे खरं. पण लोकप्रिय गाड्या ‘साइसेइसान’ म्हणजे पुन्हा निघतात, आणि ज्यांनी घाईत घेतल्या त्यांच्या च्यूकोच्या कपाटात येतात. महिन्याची रक्कम वहिनींच्या समोर ठरवा आणि शिल्लक पुढच्या महिन्याला जोडा. त्यांनाही तेवढीच रक्कम, हिशेब न विचारता. हे कलम माझ्या नवऱ्याने घालून घेतलं होतं. त्यानंतर आमच्याकडे अकरा छत्र्या झाल्या.

आता पुणे. रुळांत जातो तो १२ व्होल्टचा डीसी, तो जगात कुठेही सारखाच. घोटाळा भिंतीकडच्या बाजूला होतो. जपानात १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. पुण्याला भावाच्या घरी, दोन भाचरं आणि सोसायटीतली आणखी पाच पोरं गोल करून बसलेली असताना, मी इथला कंट्रोलर पिन बदलणारा जोड लावून सरळ भिंतीत खोचला. पिन बदलली की व्होल्ट बदलत नाहीत हे मला माहीत नव्हतं असं नाही, त्या क्षणी आठवलं नाही. आधी गुणगुण, मग जळक्या बेकलाइटचा वास. किहा जागची हलली नाही. पोरांना ते फार आवडलं. तेव्हा ज्याच्या पोटातच ट्रान्सफॉर्मर असतो असा १०० व्होल्टचा कंट्रोलर घेऊ नका. वेगळ्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारा घ्या आणि त्या अ‍ॅडॅप्टरच्या पाठीवर ‘१०० ते २४०’ लिहिलंय का ते स्वतः वाचा. नुसतं १०० असेल तर पुण्यात स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

पावसाळ्यात पेट्यांतला फोम दमट होऊन वर्षानुवर्षांनी चिकटायला लागतो, म्हणून डबे पातळ कागदात गुंडाळून ठेवा आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून चालवा. चालवण्याआधी रूळ पुसायचे. वीज त्यांतूनच चाकांत जाते. काळा थर धरला की गाडी उचक्या देते आणि दिवे लुकलुकतात. रूळ पुसायचं पाणी मात्र इथून विमानाने नेऊ नका, ते बहुधा पेट घेणारं असतं. पुण्यात गेल्यावर पोराला कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयात न्या. भाऊ जोशींनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं ते छोटं शहर १९९८ पासून लोकांना बघता येतं. मी इथे ओमियाच्या रेल्वे संग्रहालयातला भलामोठा देखावा कितीदा पाहिला, तरी पुण्याला गेले की तिथे जातेच. तुम्ही शिवाजीनगरचे आणि ते बघितलं नसेल, तर तो वेगळाच प्रश्न आहे.

राहता राहिला रंग. किहा ४० अनेक रंगांत मिळते. मी सांगेन ती अंगभर एकाच केशरी-तांबड्या रंगाची घ्या. इथले लोक त्या रंगाला लाडाने ‘ताराको’ म्हणतात, म्हणजे माशाची खारवलेली अंडी. वहिनी मालवणच्या आहेत म्हणालात. पेटी उघडलीत की आधी त्यांना दाखवा आणि सांगा, गाबोळी आणली आहे.